आईला समुद्र दाखवायचा बेत

"यंदा आईला समुद्र दाखवणार म्हणजे दाखवणारच!" परंदवडी गावातल्या घराच्या ओट्यावर ओंकारने जाहीर केलं. साठ वर्षांच्या धोंडाबाई लोणावळ्यापुढे कधी गेल्याच नव्हत्या. झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी ठरली. राज्याच्या हद्दीपलीकडे गोव्यात, किनाऱ्यावर मुक्कामाची जागाही ठरली.

म्हशीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती धोंडाबाईंशिवाय कुणाला धार काढू देत नसे. सून सारिकाने सासूचं लुगडं नेसून पाहिलं, तर नुसती लाथ मिळाली.

घरच्यांनी दोन दिवस गंभीर विचार केला आणि आगाऊ भरलेले पैसे वाया घालवायचे नाहीत, असं ठरलं.

"आये, तुला फोनवर दाखवतो समुद्र," ओंकार म्हणाला.

"व्हय," धोंडाबाई म्हणाल्या. "जायच्या आदी पेंडीचं पोतं तेवढं आत सरकव."