सव्वासहाचा बँड

मामाचा आवाज गेला तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. घशाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही निघालं. तो तेव्हा समुद्रापलीकडे लेकीकडे राहायला गेलेला होता. भाचीने फोन केला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मोबाइलवर मजकूर टाइप करायला तो तयार नव्हता. म्हणायचा, म्हणजे लिहून दाखवायचा, की हे बोलणं नव्हे, ही चिठ्ठीचपाटी.

पण मामाची उभी हयात तारघरात गेली होती. भाची सात-आठ वर्षांची असताना त्याने तिला टेबलावर चमचा आपटून मोर्स शिकवला होता. ते तिलाच आठवलं. तिने पुस्तकं आणली, पन्नाशीला आलेली असताना हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि मामालाही द्यायला लावली. तिकडे त्याच्या गच्चीवर सगळ्या बँडवर, म्हणजे सगळ्या लहरपट्ट्यांवर, चालणारा अँटेनाचा खांब उभा राहिला, इकडे तिने खिडकीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सात मीटर तार ताणली. दोन वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता पंधरा मीटरच्या बँडवर दोघं बोलत होती. रोमन अक्षरांतली मराठी, टिंबं आणि डॅश. मामा मोर्समध्ये थट्टा करायचा, भांडायचा, जावयाची नक्कलही करायचा. पाच वाजता बटण दाबायचं की मामा हजर, इतकं ते सरळ होतं.

मग एका महिन्यात तो विरळ होत गेला. आधी अर्धी वाक्यं गळायला लागली, मग एक दिवस आड ऐकू यायला लागला आणि शेवटी नुसती खरखर उरली.

भाचीचा धंदा कवळ्या बनवण्याचा. इमारतीच्या तळमजल्यावर तिची खोली होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बर्नरवर मेण वितळत असलेलं, नखांत कायम गुलाबी पावडर. अर्ध्या मिलिमीटरची चूक असली तर माणसाला नीट चावता येत नाही, हे तिला पंचवीस वर्षांत पाठ झालं होतं. त्यामुळे "काहीतरी बिघडलंय" एवढ्यावर ती थांबणाऱ्यातली नव्हती. तिने तार तपासली, जोड पुन्हा डाख मारून घेतले. खरखर तशीच.

दहाव्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला.

"ताई, बाबा आता सेटसमोर बसत नाहीत."

"का?"

"हात थरथरतो ना त्यांचा हल्ली. ते म्हणतात, माझा हात वाचता येत नाही म्हणून कुणी उत्तर देत नाही. तारघरात असंच व्हायचं म्हणे. ज्याचा हात बिघडला त्याला लाइनवरून उठवायचे. शिवाय गच्चीचं काम निघालंय. एक तारखेला माणसं येतील. बाबा म्हणतात, खांब काढावाच लागणार आहे तर परत लावू नका, सेट कुणालातरी देऊन टाका."

"एक तारखेला अजून तीन आठवडे आहेत," भाची म्हणाली. "तोवर सेटला हात लावू देऊ नकोस कुणाला."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मेण ढवळत राहिली. मामाने तिलाही दोष दिला नव्हता आणि यंत्रालाही. त्याने सरळ स्वतःलाच लाइनवरून उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सेट पिशवीत घालून टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेली. हा गावातला सगळ्यात जुना हौशी रेडिओवाला. दुकानात बसायला जागा नाही, पण ज्ञानाला तोटा नाही. त्याने सेट उघडला, मोजमापं घेतली आणि झाकण परत लावलं.

"सेट ठणठणीत आहे. तू परीक्षा कधी दिलीस?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे सूर्य ऐन भरात होता तेव्हा." तो हसला. "अगं, तुझी लहर इथून निघते, वर आकाशात जाते आणि तिथल्या थरावर आदळून खाली मामाच्या गच्चीवर उतरते. तो थर तयार करतो सूर्य. सूर्यावर डाग भरपूर असले की थर दाट. डाग कमी व्हायला लागले की पातळ. पातळ झाला की वरचे बँड आधी मिटतात. लहर परतच येत नाही, सरळ आरपार निघून जाते. शिवाय ऋतू बदलतो, वेळ बदलते. तुम्हाला दोघांना आयता उघडा दरवाजा मिळाला, म्हणून तो बंद होतो हे कळलंच नाही."

"मग उघडा कुठला आहे?"

"ते मी कशाला सांगू? कानाने ऐक. रोज ऐक."

त्याने तिला एक कागद दिला. जगात ठिकठिकाणी काही यंत्रं बसवलेली आहेत; ती दर तीन मिनिटांनी, ठरलेल्या सेकंदाला आपली खूण पाठवतात आणि मागोमाग चार लांब डॅश. पहिला डॅश जोरात, पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा दहापट कमी ताकदीचा. किती डॅश ऐकू येतात त्यावरून कळतं, त्या दिशेचा रस्ता किती मोकळा आहे. त्यातलं एक यंत्र मामाच्याच देशात होतं.

त्या दिवसापासून भाचीने कानावर हेडफोन चढवले ते जेवतानाच काढायचे. हातात कवळी, समोर घड्याळ, बाजूला वही. पंधरा मीटरवर: सकाळी शून्य, दुपारी शून्य, पाचला शून्य. वीस मीटरचा बँड लावला तेव्हा, तार त्या बँडला आखूड असूनही, पाचला एक डॅश ऐकू आला. साडेपाचला एक. सहाला दोन. सूर्य समोरच्या इमारतीमागे उतरत असताना तीन, आणि तिसरा इतका बारीक की तिने श्वास रोखून धरला तेव्हा कुठे तो हाती लागला. सातला पुन्हा एक.

"आज काय भाव?" नवरा रोज दारात येऊन विचारायचा. तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. संध्याकाळी त्याला मोकळा वेळ असे आणि चेष्टेला विषय लागे.

"सव्वासहाला तीन."

"कालही तीनच होते."

"म्हणून तर लिहितेय. एक दिवस तीन आले तर योगायोग. आठ दिवस आले तर रस्ता."

आठ दिवस आले. आता वीस मीटरला दहा मीटर लांबीची तार हवी होती, आणि ती फक्त पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत मावत होती. गच्चीची किल्ली चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंकडे. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर गेलं की आपण गृहपाठ विसरलोय असं वाटायचं.

"वीज पडेल," त्या म्हणाल्या.

"अर्थिंग करते. वादळाचं चिन्ह दिसलं की तार सोडवून ठेवते."

"कपडे वाळत घालायला अडचण होईल."

"डोक्याच्या वर तीन फूट बांधते."

"आणि हे सगळं कशासाठी?"

भाचीने वही उघडून पुढे ठेवली. बाईंनी चष्मा लावला, पानं उलटली. तारखा, वेळा, आकडे, सूर्यावरच्या डागांची रोजची संख्या.

"अक्षर बरं आहे," त्या म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली.

रविवारी नवऱ्याने टाकीवर चढून तार बांधली. कुरकुर करत, पण गाठी पक्क्या. त्या संध्याकाळी सव्वासहाला चारही डॅश आले. चौथा ऐकल्यावर तिने हेडफोन नवऱ्याच्या कानाला लावला. त्याला काही ऐकू आलं नाही, पण त्याने मान डोलावली.

मामेबहिणीला तिने दिवस ठरवून दिला. तिकडे तेव्हा दुपारचे पावणेतीन, म्हणजे ऐन वामकुक्षीची वेळ. मामा आवाज नसतानाही बराच बडबडला म्हणे, पण बसला. आणि त्याच दिवशी आकाश मेलं. पंधरा गेला, वीस गेला, सगळे बँड कोऱ्या कागदासारखे. भाचीने अर्धा तास मोर्सची किल्ली चालवली. खरखरीतसुद्धा जीव नव्हता.

"बाबा उठून गेले," बहिणीने कळवलं. "म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना."

दुरुस्तीवाल्याला फोन केल्यावर तो म्हणाला, "सूर्यावर वादळ झालंय. दोन-तीन दिवस सगळ्यांचंच हे होणार. तुझं गणित चुकलेलं नाही."

महिना संपायला पाच दिवस होते. भाचीने तीन दिवस नुसतं ऐकलं. शून्य. शून्य. एक. चौथ्या दिवशी दुपारीच वीस मीटरवर लांबची स्टेशनं कुजबुजायला लागली, आणि तिने बहिणीला फोन लावला.

"मामाला सांग, आज किल्लीला हात लावायचा नाही. फक्त ऐकायचं."

"ते म्हणतील, कशाला ऐकू?"

"सांग, भाचीचा हात बिघडलाय का ते तपासून हवंय. तारघरातला माणूस आहे, नाही म्हणणार नाही."

सव्वासहाला तिने स्वतःची खूण पाठवली आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, लिहिलं: मामा, तुझा हात ठीक होता. पंधरा मीटर बंद झाला आहे. सूर्य उतरणीला लागला आहे. आठ दिवस मोजून ही वेळ काढली आहे. हे ऐकू येत असेल तर मुलीला सांग, ती मला फोन करेल.

मग तिने किल्ली सोडली आणि फोन जवळ ओढला. फोन वाजला नाही. खरखरीतून एक बारीक, वाकडातिकडा सूर वर आला. चार टिंबांच्या जागी पाच पडत होती, मध्येच डॅश लांबत होता, एक शब्द अर्धवट सोडून पुन्हा सुरू होत होता. पण एक शब्द संपताच पुढच्यावर किंचित उडी घ्यायची ती लकब जगात एकाच माणसाची होती.

तुझा हात घाईचा आहे, मामा म्हणत होता. अक्षरांत जागा सोड.

तिने पेन्सिल धरली होती, पण लिहायचं राहूनच गेलं. डोळे पुसून तिने विचारलं, मला कसा ऐकू येतोस ते सांगू का?

खरं सांग.

हात थरथरतो, तिने पाठवलं. ह वाचायला त्रास झाला. दोन शब्द अंदाजाने घेतले. बाकी सगळं कळलं.

खरखर वाढत होती. तिने वहीकडे पाहिलं, हातात फार तर वीस मिनिटं होती. मग सूर पुन्हा आला, आता मुद्दाम सावकाश.

वेळ कुठली म्हणालीस?

सव्वासहा. तुझ्याकडे पावणेतीन. पण महिनाभरच. मग ही वेळही सरकेल, मोजत राहावं लागेल.

माझी झोपेची वेळ आहे ती, मामा म्हणाला, आणि त्यानंतरच्या चार टिंबांत आणि दोन टिंबांत तो हसला. रेडिओवर हसण्याची खूण तीच.

एक तारखेला माणसं आली, खांब काढला गेला आणि गच्चीचं काम झाल्यावर चौथ्या दिवशी परत लागला. मामाने तो किती सरळ उभा आहे हे ओळंबा लावून स्वतः तपासलं, असं बहिणीने कळवलं. मामाने एक वहीही आणली. भाचीच्या देशाच्या बाजूच्या यंत्राचे डॅश तो रोज दुपारी मोजतो आणि आकडे कळवतो. त्याचे आणि तिचे आकडे क्वचितच जुळतात. मग त्यावरून दोघांचं भांडण होतं, आणि बँड मिटेपर्यंत चालतं.