वरचा पुढचा दात

नवरदेवाची घोडी लॉनच्या कमानीखाली आली आणि आण्णांची क्लॅरोनेट उंच सुरावर मध्येच थांबली. ताशा जोरात होता, त्यामुळे वऱ्हाडाला काही कळलं नाही. मला कळलं. नवरी माझ्या मैत्रिणीची बहीण, म्हणून मी नव्या ड्रेसमध्ये कमानीपाशीच उभी होते, आणि ते वाजवत होते ते गाणं मला आण्णांच्या श्वासासकट पाठ आहे. त्यांनी ओठावर रुमाल दाबला होता. रुमालावर पिवळट डाग होता.

माझे वडील साहेबराव, आमचे आण्णा, बद्रीनाथकाकांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. दुष्काळात पाचोडकडची लग्नं दारातल्या दारात उरकायला लागली, तसा अख्खा बँड शहरात आला. इकडे बीड बायपासला लग्नांसाठी सारखं नवं लॉन उघडत असतं. आसपासच्या नळांना पाणी नसतं, पण लॉनला कारंजं असतं.

क्लॅरोनेटची चोच वरच्या पुढच्या दातांना टेकते. आण्णांचा नेमका तिथलाच दात किडलेला. आदल्या वर्षी सरकारी दवाखान्यात मुळाची सफाई सुरू केली होती. तात्पुरतं सिमेंट भरून डॉक्टरांनी परत बोलावलं, पण तोवर लग्नाच्या सुपाऱ्या आल्या, ठणकाही थांबला, आणि आण्णा गेलेच नाहीत. सिमेंट कधी पडलं ते त्यांनाही माहीत नाही. मग हिरडीवर पुळी आली की मेडिकलवरून गोळ्या आणायच्या, पुळी बसली की उरलेल्या गोळ्या देवाच्या फोटोमागे ठेवायच्या, पुढच्या वेळेसाठी. बँडमधले सगळे असंच करतात. आजची वरात निघाली ना, मग झालं.

त्या लग्नानंतर मीच त्यांना दवाखान्यात नेलं. तू तिथं काय करणार, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, बोलणार. आधी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे. यंदा भाषणात नंबर आला आणि तेव्हापासून माझं तोंड बंद करणं कुणाला जमलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. त्यांनी सांगितलं की जंतू सुटे राहत नाहीत. दाताच्या मुळात चिकटून बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. गोळीनं वरचे, सुटे मरतात, सूज उतरते. थराच्या आतले तसेच राहतात आणि पुन्हा वाढतात.

मला लगेच समजलं. "आण्णा, आपल्या दारातल्या पाण्याच्या ड्रमासारखं. टँकरचं पाणी कितीबी बदला, तुरटी फिरवा, आतली बुळबुळ काथ्यानं घासल्याबिगर निघती का?"

बाई हसल्या. बाहेर रांगेतल्यांनाही सांग म्हणाल्या. मी नंतर खरंच सांगितलं.

आण्णा हसले नाहीत. "मंग घासा की, म्याडम. आता म्हणाल तवा येतो."

बाई म्हणाल्या की वेळ गेली. आतल्या आत हाड झिजलंय, दात हलतोय, काढावाच लागेल.

"दुसरा बसविल्यावर वाजविता यील का?"

बाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "जेवता येईल," त्या म्हणाल्या.

खोटा दात छान दिसतो. आई म्हणते, आता फोटोत नवरदेवच दिसाल. पण चोच टेकली की दात धरणारी टाळूवरची पट्टी सरकते आणि सुराऐवजी नुसती हवा निघते. आण्णांनी दार लावून बरेच दिवस करून पाहिलं. मग एका सकाळी क्लॅरोनेट पुसली, पेटीत घातली आणि बँडमधल्याच कचरूकाकांना नेऊन दिली. बद्रीकाकांनी आण्णांना बँडमधून काढलं नाही. ठेक्यावर हलवायला खुळखुळे दिले.

परवा आमच्याच गल्लीतून वरात गेली. आण्णा लाल कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून, रांगेत आपल्या जुन्या जागी चालत होते. दोन्ही हातांत खुळखुळे. क्लॅरोनेटवर कचरूकाका त्याच गाण्यातल्या त्या उंच सुरापाशी आले, तसे खुळखुळे थांबले. आण्णांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खुळखुळ्यांच्या मुठींवर त्यांची बोटं एकेक करून उठत होती, बसत होती.

सूर उतरला. आण्णांनी पुन्हा ठेका धरला.