कडककाकांच्या हातातली इस्त्री

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या पायाशी जे काळे, जड धूड ठेवलेले दिसते ना, मित्रांनो, ती मी. कोळशाची जुनी इस्त्री. हसण्याआधी एकदा उचलून बघा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी दोन्ही हातांनीही पेलवणार नाही.

वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. वर झाकण, झाकणाला लाकडी मूठ, कडेला हवेसाठी भोके आणि पोटात निखारे. एका इस्त्रीवाल्यांनी मला घेतले आणि त्यांच्या उजव्या हाताशी माझी जन्माची गाठ पडली. कपड्याची घडी ते अशी कडक घालीत, की गिऱ्हाइके त्यांना कडककाकाच म्हणू लागली. दिवसभर ते मला उचलीत, दाबीत, फिरवीत. त्यांच्या मनगटावरची शीर दोरीसारखी तट्ट असे.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होते, म्हणून मला आतलेही दिसे. काकूंची एक बाजू लुळी पडली होती. रोज सकाळी निखारे फुलायला ठेवून काका आत जात, काकूंना पलंगावरून अलगद उचलून खिडकीपाशी बसवीत. मग काकू डोळे मिटून प्रार्थना म्हणत. देवाचे नाव घेण्याआधी त्यांना नवऱ्याच्या हातांचा आधार लागे, आणि तो कधी चुकला नाही.

पुढे मुलाने मोठ्या रस्त्यावर नवे दुकान घातले. विजेच्या हलक्या इस्त्र्या आल्या.

"बाबा, खूप राबलात. आता बसायचं," मुलगा म्हणाला. सूनबाईही मायेची. पाण्याचा पेला हातात, ताट समोर, चपला पायाशी. आईला उचलण्याचे कामही मुलाने स्वतःकडे घेतले. शेजारी म्हणत, "मुलगा असावा तर असा!" मला दाराशी ठेवले आणि काकांना खुर्चीत. दोघांचीही किंमत कमी झाली नव्हती, मित्रांनो. फक्त काम काढून घेतले होते.

मला गंज चढला तो सर्वांना दिसला. काकांचा कुणाला दिसला नाही. दंड रोडावले. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात टेकू लागले. काकू थट्टेने म्हणत, "अहो, हात कसे लोंबतायत बघा, वाळत घातलेल्या बाह्यांसारखे!"

"वय झालं गं," काका म्हणत. सगळ्यांनी ते खरे मानले.

एका दुपारी घरात दोघेच होते. काकू पलंगावरून घसरून खाली पडल्या. काका धावले, बगलेत हात घातले, जोर लावला. काकू हलल्या नाहीत. पुन्हा जोर लावला, तेव्हा काकांचेच गुडघे वाकले आणि ते शेजारी कोसळले.

"मला उचलायला आलात की सोबतीला?" काकू म्हणाल्या. हसल्याही. मग हळूच म्हणाल्या, "मला पाणी हवं होतं हो."

पाण्याचे भांडे टेबलावर होते. काकांना तिथवर उठता आले नाही. संध्याकाळी सूनबाई आली, तेव्हा दोघे फरशीवर हात धरून पडले होते. मी पाहत होते. लोखंडाला रडता येत नाही, हे तेव्हा फार जड गेले.

दुपारी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मुलाने काकूंना शुश्रूषा केंद्रात ठेवले. काका रोज भेटायला जात आणि परत आल्यावर तिथले सगळे घरात सांगत, तेच मी ऐकले. तिथल्या नर्सबाईंना त्यांनी विचारले, "हिला घरी कधी नेऊ?"

"आधी हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

काकांना उठता आले नाही.

"हे नुसतं वय नाही, काका. बसून बसून ताकद गेलीय. रोज थोडं थोडं करा, येईल परत. यांना खुर्चीत नीट बसवता आलं, की घेऊन जा."

त्या दिवसापासून काकांनी नेम धरला. सकाळी आधी खुर्चीतून उठणे-बसणे, मग जिन्याच्या पायऱ्या, मग मी. पहिल्यांदा त्यांनी माझी मूठ धरली, तेव्हा मी जमिनीपासून जेमतेम सुटले.

"बाबा, लोक काय म्हणतील? या वयात घरात वजनं उचलायला लावतात!" सूनबाई कळवळली.

"लोकांना म्हणावं, उचला मग माझ्या बायकोला," काका म्हणाले.

नेम मोडला नाही. बरे वाटत नसेल तेव्हा थोडे करीत, पण करीत. हळूहळू मी त्यांच्या कमरेपर्यंत येऊ लागले, मग छातीपर्यंत. अखेर एके दिवशी नर्सबाईंसमोर त्यांनी काकूंना खुर्चीत बसवले. घरी न्यायचा दिवस ठरला. काकांनी खिडकी स्वतः पुसली.

त्याच आठवड्यात काकूंच्या छातीत कफ साठला, ताप चढला, आणि त्या गेल्या.

त्यांना घरी आणले ते शेवटचे. उचलायची वेळ आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला झेपणार नाही."

"सरक बाजूला," काका म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी मुलाला असे तोडून सांगितले. त्यांनी पुढचा खांदा दिला. माझ्याजवळून जाताना त्यांची पावले जराही डगमगली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करा, पण त्यांच्या हातातली पिशवी प्रेमाने हिसकावून घेऊ नका. सोबत चाला. पाणी हवे असेल तर त्यांना उठू द्या, तुम्ही फक्त जवळ उभे राहा. देवाने दिलेल्या देहाला रोज थोडे काम हवे, आणि ते चालता येते आहे तोवरच सुरू करायला हवे. कडककाकांच्या हातांत ताकद परत आली होती. फक्त उशिरा आली.