चैत्याची बत्तीस कलमं

"चैत्या लडक्या वरठा," सावे सरांनी हजेरीतलं शेवटचं नाव पुकारलं.

"काय आणू, सायेब?" म्हणत म्हातारा पाण्याची झारी हातात घेऊनच शेडमागून पुढे आला.

बाकांवरची चौदा पोरं-पोरी खो-खो हसली. सरांनी कागदाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. "आणायचं काही नाही. बसायचं. तुमचं नाव शिकणाऱ्यांत आहे. जन्म एक जानेवारी चौऱ्याहत्तर. बरोबर?"

चैत्याला आपला जन्म ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आधार कार्डवाल्याने तोंडाकडे न बघता टाकली ती तारीख. पाड्यावरची निम्मी माणसं त्याच दिवशी जन्मली होती. साठी केव्हाच उलटली असणार, पण कार्डावर तो बेचाळीसचा होता आणि प्रशिक्षणाची अट पंचेचाळीसची होती. त्याने झारी खाली ठेवली, पंच्याने पाय पुसले आणि बाकाच्या टोकावर जेमतेम टेकला. आयुष्यात तो पहिल्यांदाच बाकावर बसत होता.

तलासरीच्या रस्त्याला नविनभाईंची चिकूच्या कलमांची नर्सरी. दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत तिथे कलमं बांधायचं चार महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकणाऱ्याला रोजचं विद्यावेतन. पंधरा जण भरले तरच तुकडी मंजूर, आणि मिळाले होते चौदा. मग पंधरावा म्हणून नविनभाईंनी चैत्याचंच नाव ठोकून दिलं. चाळीस वर्षं या नर्सरीतली कलमं ज्याने बांधली, तोच आता कलम बांधायला शिकणार होता. वर विद्यावेतन त्याच्या रोजापेक्षा पन्नास रुपयांनी जास्त.

"काम केलां तवा कमी, न बसून ऐकतो तवा जास्त," त्याची बायको सोनीबाई म्हणाली. "आधीच बसला असतास तं आज घरावर पत्रे असते."

चैत्याही हसला. पण नविनभाईंनी जाता जाता जे सांगितलं होतं, ते त्याने घरी सांगितलं नाही.

"बघ हां चैत्या, परीक्षा पास व्हायला पाहिजे. या पावसापासून चाकू सर्टिफिकेटवाल्याच्याच हातात. नियम छे, मी काय करू? बाकीचे पिशव्या भरणार."

चैत्याचा चाकू म्हणजे चार बोटांचं पातं, झिजून झिजून काडीएवढं उरलेलं. दिवसभर त्याच्या कमरेला असायचा. परीक्षा त्याच्या हाताची असती तर तो झोपेतही पास झाला असता. पण गेलं वर्षभर त्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचलं होतं. चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. रायण जंगलातली, चिवट, मुळं तिची आणि फळ चिकूचं. दोघांची साल सालीला तंतोतंत लागली तरच जीव धरतो, आणि ते लागणंच त्याला आता दिसत नव्हतं. सुकलेली कलमं तो गुपचूप शेणखताच्या ढिगामागे टाकून यायचा. हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी सरांनी रायणीची काडी तिरकी कापली आणि एक भिंग सगळ्यांच्या हातातून फिरवलं. "साल आणि लाकूड यांच्यामध्ये बघा. केसाएवढी हिरवी रेघ दिसेल. झाड वाढतं ते तिथून. चिकूची रेघ आणि रायणीची रेघ इथे भेटतात."

पोरांनी बघितलं न बघितलं करून भिंग पुढे ढकललं. चैत्याकडे आलं तेव्हा त्याने ते डोळ्याला लावलं आणि धरूनच ठेवलं. धुक्यातून एक हिरवी रेघ वर आली, शेवाळासारखी कोवळी. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"काय झालां, बाबा?" शेजारी बसलेल्या निलमने विचारलं. कैनाडची एकोणीस वर्षांची पोर, बारावीनंतर घरीच बसलेली.

"काय नाय, पोरी. चाळीस वर्सां लगीन लावत आलो, न नवरा-नवरी आज बघितली."

हे ऐकून सर हसले नाहीत. त्या संध्याकाळी जाताना त्यांनी ते भिंग चैत्याच्या हातावर ठेवलं. "परत द्यायची घाई नाही," एवढंच म्हणाले. चैत्याने ते भिंग फडक्यात गुंडाळलं आणि चाकूच्या शेजारी कमरेला खोचलं. सायेब लोकांनी त्याला आजवर जुने कपडे दिले होते, दिवाळीला मिठाई दिली होती. शिकायची वस्तू कोणी दिली नव्हती. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे त्याला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

निलमचं उलटं होतं. तिला रेघ लख्ख दिसायची, पण बांधताना पट्टी सैल पडायची. तिची पहिली दहाही कलमं मेली आणि ती आंब्याखाली रडत बसली.

"रडतेस कशाला? चीक पूस आधी," चैत्या तिला म्हणाला. "कापलां का दूध येतां. ते मधी ऱ्हायलां तं दोघां एकमेकांना नाय धरत. ओला कपडा, पुसाचा, न मग दम धरून बांधाचा." त्याने तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून पट्टी ओढली, दोन वेढे खाली, तिसरा वर, शेवटचं टोक आतून काढून आवळलं. ती गाठ त्याला त्याच्या बापाने केळीच्या सोपटाच्या पट्टीवर शिकवली होती.

बदल्यात निलमने त्याला त्याचं नाव लिहायला शिकवलं. परीक्षेच्या कलमांना ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची होती. 'चै'च्या दोन मात्रा भिंगाखाली मांडता मांडता त्याला घाम फुटायचा. आजवर त्याची लाखभर कलमं ट्रकमध्ये बसून गेली होती, पार गुजरातपर्यंत. नाव एकावरही नव्हतं, आणि एकाचंही फळ त्याने पाहिलं नव्हतं. कलम बांधणाऱ्याच्या वाट्याला फळ येत नाही, हे तो धरूनच चालला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला प्रत्येकाने पन्नास कलमं बांधली. दोन महिन्यांनी पस्तीस जगलेली दिसली की पास. चैत्याने भिंग एका हातात धरून बघितलं, पण बांधायला दोन्ही हात लागतात, आणि भिंग खाली ठेवलं की पुन्हा धुकं. त्याने बोटांवर भरवसा ठेवला.

मोजणीच्या दिवशी सकाळी सर यायच्या आधीच तो आपल्या रांगेशी गेला. पानं फुटलेली कलमं त्याने बोटाने चाचपत मोजली. पस्तीस भरली. पण आदल्या दिवशी तर बत्तीसच होती. त्याने पुन्हा एकेक गाठ चाचपली आणि तीन ठिकाणी त्याचं बोट थांबलं. चिठ्ठी त्याच्या नावाची, आणि वेढे त्याच्याच पद्धतीचे, पण शेवटचं टोक डावीकडून आवळलेलं. निलम डावरी होती.

"पोरी, हे तीन तुझे हात," झाडलोट करणाऱ्या निलमला तो म्हणाला.

तिने झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी चव्वेचाळीस जगली, बाबा. तीन गेली तरी माझां काय बिघडत नाय. तुमचा चाकू जाल."

"चाकू जाल तं जाल. जे झाड तू जगवलां त्याला माझां नाव? मग ही चिठ्ठी लिहाला शिकलो कशाला?"

त्याने तिन्ही चिठ्ठ्या सोडून तिच्या हातात दिल्या.

सरांनी मोजणी केली. बत्तीस. त्यांनी पुन्हा मोजली, तरी बत्तीस. नविनभाई बाजूला बघत राहिले. बाकी सगळे पास झाले होते. चैत्याने कमरेचा चाकू काढला, पंच्याने पुसला आणि निलमच्या हातात दिला. भिंगही सोडून सरांपुढे धरलं.

"ते ठेवा," सर म्हणाले.

पावसाळ्यात निलम चाकू घेऊन बसली आणि चैत्या तिच्यासमोर पिशव्या भरू लागला. लोकांना वाटलं, म्हातारा खचणार. पण त्याला खरंच वाईट वाटत नव्हतं. उरलेल्या विद्यावेतनातून त्याच हिवाळ्यात सरांच्या ओळखीने मोतीबिंदू निघाला, सोनीबाईचा चेहरा नीट दिसू लागला, आणि ती किती थकलीय हेही दिसलं. चाकू त्याने परत मागितला नाही. निलमच्या हाताखाली कलमं बरी जगत होती.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये एका रविवारी निलम त्याला न्यायला आली. डहाणूहून रिक्षा करून तिने त्याला कैनाडला आपल्या बापाच्या शेतावर नेलं. बांधाच्या आत चिकूची कमरेएवढी झाडं ओळीने उभी होती.

"किती लावलीस?" त्याने विचारलं.

"मोजा की."

त्याने मोजली. बत्तीस होती.

"माझ्या पहिल्या पगारात नविनभाईंकडून तुमचीच परीक्षेची घेतली होती," ती म्हणाली. "तवा सांगितलां असतां तं तुम्ही नाय म्हटलां असतां. यंदा पहिल्यांदा धरली."

एका फांदीला तीन चिकू होते. तिने एकाला नख लावून पाहिलं, आत हिरवं नव्हतं. फळ तोडून तिने त्याच्या हातात दिलं. चैत्याने ते खाल्लं नाही, सोनीबाईसाठी पंच्याच्या टोकाला बांधलं.

मग तो झाडाशी उकिडवा बसला. डोळ्यांनी आता स्वच्छ दिसत होतं, तरी सवयीने त्याने डोळे मिटले आणि खोडावरून बोट मातीकडे नेलं. वीतभर वर, जिथे रायण संपून चिकू सुरू होत होता, तिथे एक बारीकसा उंचवटा लागला. त्याने बोट तिथेच टेकवून ठेवलं.

"इथां भेटली," तो म्हणाला.