अग्नीशेजारी कोण बसत होतं

शिवराम एके काळी गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या धावत चढायचा. आता खाटेवरून उठून खिडकीपर्यंत जायचं तरी नाकातली प्राणवायूची नळी सांभाळावी लागे. सगळी उमेदीची वर्षं त्याने गंगेपलीकडच्या कारखान्यात छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवले होते. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. घरात वडिलांचं अग्निहोत्र, सोवळं कडक. कारखान्याचे कपडे बाहेरच टाकून, विहिरीवर अंघोळ करूनच त्याला आत पाऊल ठेवता येई. त्याच्या बायकोला, पद्माला, ते सगळं काल घडल्यासारखं आठवत होतं.

ती पांढरी पूड फुफ्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग नुकसानभरपाईचा दावा लावला. कारखानेवाले म्हणाले, आमच्याकडे धूळ नव्हतीच. धूळ पाहिलेला एकच माणूस साक्ष द्यायला तयार होता, तो म्हणजे गल्लीतला मोहन. त्याला त्या कारखान्यात चिकटवलं होतं शिवरामनेच.

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका," तिच्या हातची पुरणपोळी खाता खाता मोहन म्हणाला होता. "तोंडाला बांधायला फडकंसुद्धा देत नव्हते हरामखोर. सगळं सांगतो जजसाहेबांना."

साक्षीच्या दिवशी मोहन पिंजऱ्यात उभा राहिला आणि पद्माकडे न बघता बोलला, "साहब, कारखाने में धूल-वूल कुछ नहीं थी. इनके घर में पीढ़ियों से हवन की आग जलती थी. दीवारें तक काली हैं."

कंपनीच्या वकिलाने लगेच डॉक्टरांचा कागद पुढे केला. घरी धूर असतो का, असं कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा शिवरामने छाती फुगवून सांगितलं होतं, आमच्या घरातला अग्नी वडील होते तोवर कधी विझला नाही! दुसऱ्या कुणी हे आपणहून कशाला सांगितलं असतं?

पद्माची पाळी आली. "थोडासा दिवा असायचा म्हणा," असं तिच्या वकिलाने कानात सांगितलं होतं.

"माताजी, हां या ना में बोलिए. आग थी?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"थी," पद्मा म्हणाली. सासऱ्यांचा अग्नी तिला दिवा म्हणवेना. "लेकिन उसके पास बैठता कौन था, ये भी तो पूछिए. सासूबाई जन्मभर बसल्या," ती नकळत मराठीत घसरली, मग पुन्हा सावरली. "वो नब्बे पार करके गईं. गोबर के उपले मैं लगाती थी, मेरी छाती का फोटो निकालिए. ये तो सुबह अंधेरे में ड्यूटी पर चले जाते थे. पूरे घर में एक यही आदमी था जो आग के पास नहीं बैठा."

जजसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

जिन्याशी मोहन थांबला होता. "वहिनी, मी खोटं काय बोललो? अग्नी होता ना?"

"आणि धूळ नव्हती?"

तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "माझ्या निमिषला कारखान्यात घेतलंय त्यांनी. पर्मनंट. पोराचं आयुष्य आहे, वहिनी."

"पत्र्यांच्याच खात्यात घेतलं का रे?"

पद्मा जिना उतरून गेली.

घरी शिवराम उशाला टेकून वाटच बघत होता. "मोहन बोलला?"

"बोलला."

"मस्त ठणकावलं असेल त्याने."

तिने सांगितलं. शिवराम हसला. "छे गं, ऐकण्यात चुकलीस तू. कोर्टात गडबडला असेल, भित्रा आहे तो."

मग पद्माने मोहनचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच हिंदीत, पुन्हा म्हणून दाखवलं. निमिषचंही सांगितलं. शिवराम ऐकत राहिला.

"पुढच्या तारखेला मला घेऊन चल," तो म्हणाला. "खुर्ची मोहनसमोर ठेवायला सांग. खोकून दाखवतो त्याला."