शेऱ्याचा रकाना

दोन वर्षांपूर्वी जावयाने ती डबी पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा चौकशीबाईंना वाटलं तपकिरीची असेल. तेवढीच होती, शर्टाच्या खिशात मावणारी, काळी, गुळगुळीत. तपकिरीची असती तर परवडली असती. तपकीर ओढणारा माणूस एकदा शिंकतो आणि मोकळा होतो. हा मोकळा म्हणून होत नव्हता.

म्हणायला तो फोन होता, पण त्यावरून कोणाशी बोलताना जावई क्वचितच दिसे. सदा आपला इंटरनेट उघडून बसलेला. अंगठ्याने काच वर ढकलायची, खाली ओढायची, जणू कोणाची पाठ खाजवून देतोय. आणि मान वर न करता घराला माहिती पुरवायची. मध म्हणे कधी खराब होत नाही. शहामृगाचा डोळा म्हणे त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो.

"एवढ्या लांब कशाला जाता, जावईबापू?" बाई म्हणाल्या होत्या. "घरातलं उदाहरण घ्या की."

लेक खोकली. जावयाला काही कळलं नाही, कारण तोवर तो शहामृगावरून शहाबादी फरशीवर पोचला होता.

बाईंना गावात नावाने कोणी ओळखत नसे. एकतीस वर्षं त्या बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या, म्हणून त्या चौकशीबाई. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी चौकशीबाईच. त्या खिडकीला काच नव्हती, गज होते, आणि खाली हात घालण्यापुरती फट. समोर लाल कापडी पाठीचं वेळापत्रकाचं पुस्तक, त्याला डिंकाचा आणि केरोसीनच्या दिव्याचा वास. पहिल्या दोन वर्षांतच पुस्तक उघडायची गरज संपली. माणूस खिडकीशी येऊन तोंड उघडायच्या आत बाईंना समजायचं, हा कुठे निघालाय आणि याला उशीर किती झालाय. एक म्हातारा रोज येऊन एकाच गाडीची वेळ विचारायचा आणि कधीच बसायचा नाही; त्यालाही रोज वेळ सांगितली, एकदाही हसल्या नाहीत. एक बाई कडेवर मूल घेऊन आली आणि म्हणाली, "सगळ्यात लांब जाणारी कुठली?" तिला वेळही सांगितली आणि ड्रायव्हरच्या मागची जागाही मिळवून दिली. ही चौकशी. पाठ खाजवणं म्हणजे चौकशी नव्हे.

आणि आता जेवताना बाई सहज म्हणाल्या, "धरण इथून सत्तेचाळीस किलोमीटर," की जावई म्हणे, "थांबा हं आई, बघतो." बघे. मग मास्तराने पोराच्या पाटीवर खूण करावी तसा म्हणे, "बरोबर आहे."

चूक आहे म्हणाला असता तर त्या भांडल्या असत्या. बरोबर म्हणाला, याचाच त्यांना संताप यायचा. ज्या गोष्टीवर एकतीस वर्षं माणसांनी विश्वासाने बॅगा उचलल्या, तिला हा डबीवाला पास करणार!

सोमवारी ताईचा फोन आला. ताई एक्याऐंशीची, चार तासांवरच्या गावात राहणारी, कानाने जवळजवळ गेलेली. फोनवर ती आपलं सांगायची आणि ठेवून द्यायची.

"गुरुवारी मला घेऊन चाललाय गं हा, कायमचा. दीड वाजता टॅक्सी येणार, तिथून विमानतळ. त्याच्या आधी ये. तोंड बघू दे तुझं एकदा." आणि खट्‌.

हा म्हणजे ताईचा मुलगा, परदेशात स्थायिक झालेला. एक्याऐंशीव्या वर्षी तिकडे गेलेली ताई परत येणार नाही, हे सांगायला कोणाची डबी लागत नव्हती. याच ताईने बाईंच्या वेण्या घातल्या, याच ताईने चौकशीच्या नोकरीचा अर्ज आपल्या वळणदार अक्षरात भरून दिला, आणि "अनुभव" लिहिलेल्या ओळीवर दडपून लिहिलं होतं, "आहे." गुडघ्यांमुळे बाईंना आता एकटीने प्रवास झेपत नव्हता. जावयाने गुरुवारची रजा टाकली. तेवढं केलं, ते खोटं कशाला बोला.

बुधवारी दुपारी चहा पिताना लेकीने विषय काढला. "उद्या किती वाजता निघायचं?"

बाईंनी कप खाली ठेवला. जीभ तयार होती. पण लेक नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा डबीकडे.

"सव्वाआठची आहे डायरेक्ट," जावई म्हणाला. "सव्वाबाराला पोचते. निवांत."

बाई जरा पुढे वाकल्या. काचेवर वेळापत्रक दिसत होतं. कुठून, कुठे, किती वाजता सुटणार, किती वाजता पोचणार, आणि मग काचेचा काठ. पाचवा रकाना डबीत मावला नव्हता. पाचवा रकाना शेऱ्याचा.

आता शेऱ्याचा रकाना म्हणजे काय, ते खिडकीत बसलेल्यालाच विचारावं. वेळा कोणीही वाचतो. गाडी कोणत्या दिवशी नाही, कुठे वळसा घेते, कोणत्या महिन्यात अर्ध्यातून परत फिरते, हे सगळं शेऱ्यात. सव्वाआठची गाडी मुळात सुरू झाली ती वाटेवरच्या सूतगिरणीच्या कामगारांसाठी. गिरणीला सुट्टी गुरुवारी. म्हणून गुरुवारी सव्वाआठची नसते. गुरुवारी जायचं तर वीस कमी सातची धरायची. हे बाईंना स्वतःच्या हातावरच्या तिळासारखं पाठ होतं.

त्या बोलल्या नाहीत.

खिडकीचा एक नियम होता, त्यांना शिकवणाऱ्या जुन्या कारकुनाने पहिल्याच दिवशी कानात सांगितलेला: विचारलं तेवढंच सांगायचं, न विचारलेलं सांगायला गेलात तर रांग संपायची नाही. तो नियम त्यांनी आत्ता पुढे केला. मला विचारलंय का कोणी? नाही. मग?

खरं कारण वेगळं होतं आणि तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे उद्याचं चित्र उभं राहिलं होतं. रिकामा फलाट, त्यावर हातात डबी घेऊन उभा असलेला सर्वज्ञ, आणि समोरून न येणारी सव्वाआठची. हे चित्र बघायला तिकीट लागलं असतं तर त्यांनी काढलं असतं.

अर्थात ताईला पणाला लावण्याइतक्या त्या वेड्या नव्हत्या. नऊची होती ना! जुन्या पुलावरून जाणारी, एक वाजता पोचवणारी. म्हणजे ताईबरोबर अर्धा तास. अर्ध्या तासात दोन बहिणींचं सगळं बोलून होतं. शिवाय एकजणी ऐकूच शकत नसली तर निम्म्यातच.

"निवांत," बाईही म्हणाल्या, आणि चहा संपवला.

गुरुवारी आठ वाजता तिघं स्थानकावर पोचली. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि त्या अगदी प्रसन्न दिसत होत्या. लेकीला वाटलं, मावशीला भेटायच्या ओढीने.

फलाटावर पंधरा-वीस माणसं, आणि सगळ्यांच्या माना देठ मोडलेल्या फुलांसारख्या. प्रत्येकाच्या हातात आपापली डबी. गाडी अंगावरून गेली असती तरी कोणी आधी ती डबीत शोधली असती. चौकशीच्या खिडकीला आता काच होती आणि काचेआड गोल चेहऱ्याचा एक कारकून. तोही अंगठ्याने पाठ खाजवत होता. बाईंनी तिकडे पाठ फिरवली.

सव्वाआठ झाले. आठ वीस. जावयाने डबी बाहेर काढली, आत ठेवली, पुन्हा बाहेर काढली.

"येईल आता," तो म्हणाला.

"येईल की," बाई म्हणाल्या. "डबीत आहे म्हटल्यावर कुठे जाते?"

आठ पंचवीस. जावई फलाटाच्या टोकाला जाऊन आला. पाटी वाचली, डबी वाचली. चेहऱ्यावर घाम. अंगठा काचेवर नुसता सैरावैरा पळत होता. बाई बाकावर बसून ते सगळं बघत होत्या, आणि उकाड्यात कोणी पंखा लावावा तसं त्यांना वाटत होतं. मग त्याचा अंगठा चुकून आडवा सरकला, आणि इतका वेळ काचेबाहेर राहिलेला रकाना आत आला.

"अरेच्चा! हे इकडे बाजूला आहे. 'गुरुवारी बंद.'"

"अय्या," बाई म्हणाल्या.

"आता काय करायचं?" लेक रडकुंडीला आली. "मावशी दीडला निघणार!"

"टॅक्सी बघतो." जावयाने लगेच डबी सरळ धरली. आठ पस्तीस झाले होते. "मिळतेय. रस्ता खराब आहे, चार तास घेईल. पण साडेबारा-पाऊणला पोचू."

इथे बाईंनी तोंड उघडलं. दोन वर्षं तुंबलेलं पाणी होतं ते.

"काही टॅक्सी नको. नऊची आहे. एकला सोडते दारात."

"नऊची?" जावयाने बघितलं. अंगठा आडवा, उभा, पुन्हा आडवा. "नऊची इथे दिसत नाही हो, आई."

"तुमच्या त्या डबीत काय काय दिसत नाही, ते आत्ताच बघितलं सगळ्यांनी."

"नाही, आता मी शेवटपर्यंत बघितलं—"

"जावईबापू, ही गाडी सुरू झाली तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. बसा."

"त्या खिडकीत विचारून तरी येऊ का?" लेक म्हणाली.

"मी इथे असताना?" बाईंनी असं काही बघितलं की लेक खाली बसली. चौकशीबाईने चौकशी करायची, आणि तीही त्या पाठखाजव्याकडे! जावयाने टॅक्सी सोडून दिली. तो खरोखरच ओशाळला होता, आणि ओशाळलेला माणूस वाद घालत नाही.

नऊ वाजले. नऊ दहा झाले. "ही जराशी उशिराच असते," बाई म्हणाल्या. नऊ वीस. त्यांनी पदराने मान पुसली. साडेनऊला झाडूवाली बाकाखालून झाडू घालता घालता थांबली, वर बघितलं आणि हसली.

"चौकशीबाई ना तुम्ही? अहो किती दिवसांनी! मी पोरगी होते तेव्हा, आठवते का? कुठे निघालात?"

बाईंनी गाव सांगितलं. "नऊची बघतोय."

"कुठली नऊची?"

"जुन्या पुलावरची गं."

"अहो, पुलाला तडा गेला, तीन वर्षं झाली. मोठ्या गाड्या बंद केल्या तिथून. नऊची तेव्हाच गेली. आता थेट साडेदहाची." झाडूवालीने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि झाडू घेऊन पुढच्या बाकाकडे सरकली.

मी म्हटलं होतं, असं म्हणायची जावयाला पुरेपूर संधी होती, पण ती त्याने सोडली. हातातली डबी तेवढी बघितली. "आत्ता टॅक्सी केली तर पावणेदोन होतील," तो हलकेच म्हणाला.

"थांबतील का ते?" लेक म्हणाली, आणि तिने आपल्या फोनवरून मावसभावाला लावला. मावसभावाचा आवाज बाकावर सगळ्यांना ऐकू आला. दीडच्या पुढे पाच मिनिटंही शक्य नव्हती. विमान चुकलं असतं. "आई दारातच खुर्ची टाकून बसलीय सकाळपासून," तो म्हणाला. "फोनवर तिला काही ऐकू येत नाही. तुम्ही लिहून पाठवा ना, मी अक्षरं मोठी करून दाखवतो. वाचते ती."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने डबी काढली, दोन्ही अंगठे काचेवर ठेवले आणि सासूकडे वळला.

"सांगा, आई."

बाईंना कधीच शब्द शोधावे लागले नव्हते. वेळ, फलाट, शेरा, आणि पुढचा माणूस. आता त्या मनातल्या मनात कारणं चाळू लागल्या. बस बिघडली असं सांगता आलं असतं. रस्त्यात झाड पडलं असं सांगता आलं असतं. पण खिडकीतून त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि ताईला तर नव्हतंच नव्हतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "ताई, मला पोचता येत नाही."

त्याने लिहिलं.

"सकाळी वीस कमी सातची होती. मला कालच माहीत होतं. मी सांगितलं नाही."

अंगठे थांबले. लेकीने मान गर्रकन वळवली. "आई!"

"लिहा म्हटलं ना."

त्याने लिहिलं आणि पाठवलं. तिघंही त्या काचेकडे बघत बसली. बाईसुद्धा, मान मोडून, फलाटावरच्या बाकीच्यांसारख्याच. दोन मिनिटांनी डबी थरथरली.

"'का?' असं विचारतायत," जावयाने वाचलं.

ताईचं हे नेहमीचं. एका अक्षरात माणसाला उभं करायची.

"लिहा. जावयाची फजिती बघायची होती."

जावयाचा कान लाल झाला. पण लिहिलं, एकही शब्द न गाळता. लिहून झाल्यावर म्हणाला, "'जावयाची' ठेवू की 'ह्यांची'?"

"जावयाचीच ठेवा. ह्यांची म्हटलं तर तिला माझे हे वाटतील."

लेक उठून फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिची बॅग बाकावर तशीच राहिली. साडेदहाच्या गाडीची माणसं जमायला लागली होती. कोणीतरी बाईंना विचारलं, "ही साडेदहाची इथेच लागते का हो?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान हलवून सांगितलं की ठाऊक नाही.

डबी पुन्हा थरथरली. जावयाने वाचलं, पण मोठ्याने वाचेना.

"काय म्हणतेय?"

"विचारतायत, 'बघितलीस?'"

बाईंनी स्थानकावरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ पंचवीस ते आठ पस्तीस. कमी नाही, जास्त नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं."