उजव्या सहा फोडी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना कापेकाका म्हणत. आडनाव नव्हे ते, काम. उंदराच्या पिल्लाचा इवलासा मेंदू घ्यायचा, त्याच्या डावी-उजवी अशा दोन फोडी करायच्या, वरचं साल सोडवून दोन काचांमध्ये चपटं करायचं, गोठवायचं आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. बावीस वर्षं काकांनी दुसरं काही केलं नव्हतं. लग्नसुद्धा नाही. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, जणू छत्री घरी राहून गेली.

एक भाऊ होता. त्याचा फोन यायचा, पण काय दुखतंय-खुपतंय एवढं विचारून दोन मिनिटांत बंद. बाकी संध्याकाळी दार लावलं की सकाळपर्यंत तोंड उघडायचं काही कारणच नसे. एका सोमवारी कामावर आल्यावर काकांचा आवाजच फुटेना. फुटणार कसा, दोन दिवस वापरलाच नव्हता ना.

मग ती संशोधक पोरगी आली. वरच्या मजल्यावर सगळे जेवतानाही कामाचंच बोलतात म्हणून ती वैतागून तळमजल्यावर काकांच्या खोलीत डबा खायला बसू लागली, आणि तिथे बसून स्वतः कामाचंच बोलू लागली. काकांनी मनातल्या मनात तिचं नाव बडबडी ठेवलं.

"काका, मेंदूच्या सालावर डोळ्यांची जागा वेगळी, कानांची वेगळी, स्पर्शाची वेगळी. बरोबर? पण पोटात असताना सुरुवातीला ते साल इथून तिथून सारखंच दिसतं. मग कुठली जागा कोणाची, हे ठरवतं कोण?"

"तूच सांग बाई."

"सर म्हणतात, सालाच्या पुढच्या कडेकडून एक रसायन झिरपतं आणि ते आतल्या आतच नकाशा आखतं. बाकीचे म्हणतात, छे, डोळ्यांकडून, मिशांकडून जे धागे येतात तेच आपापली जागा धरतात."

उंदराच्या प्रत्येक मिशीचा सालावर एकेक ठिपका असतो, ओळीने मांडलेला. जन्मल्या दिवशीच मिशांची एक ओळ मुळासकट काढली तर त्या ओळीचे ठिपके पुसट होतात आणि शेजारचे ठिपके तिथे हातपाय पसरतात. बडबडीने काय केलं, चौदा पिल्लांना पोटात असतानाच ते रसायन जास्तीचं दिलं आणि मग जन्मल्यावर डावीकडची एक ओळ काढली. डाव्या मिशांचे ठिपके उजव्या फोडीत असतात. तेव्हा कापायच्या त्या फक्त उजव्या. डाव्या फोडी दुसऱ्या कोणाच्या तरी कामासाठी फ्रीजमध्ये वेगळ्या ट्रेत. उजवीकडे ठिपके टिकले तर सरांचं खरं.

आठ पिल्लांत ठिपके पुसले गेले होते. सहांत मात्र ते ठणठणीत होते, ओळीने, जसेच्या तसे. बडबडी खुर्चीत बसेचना. दोन वर्षांत तळमजला न पाहिलेले सर स्वतः खाली आले आणि काकांच्या पाठीवर थाप मारून गेले.

दुसऱ्या दिवशी काका फ्रीज आवरायला बसले. डाव्या ट्रेतली एक फोड त्यांनी उजेडात धरली. फोडीच्या मागच्या कोपऱ्यात सुईचं भोक होतं. चपटी केलेली फोड उलटली की डावी कोणती नि उजवी कोणती, देवालाही कळायचं नाही. म्हणून काका उजवीला सुई टोचत. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, त्यांची आपली खोड. त्या ट्रेत अशा टोचलेल्या सहा फोडी निघाल्या.

सगळा उलगडा तिथेच झाला. गेल्या मंगळवारी बडबडी शेजारी बसून, आपण आपल्याच गच्चीत स्वतःला कसं कोंडून घेतलं आणि खालच्या बाईंना हाका मारून कसा घसा बसला, ते सांगत होती. काकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्या नादात त्यांनी डावा ट्रे उचलला, सहा डाव्या फोडी कापून ठेवल्या आणि उरलेल्या सहा उजव्या डाव्या समजून त्या ट्रेत सरकवल्या. तिकडच्या मिशांना कोणी हातही लावला नव्हता. ठिपके ठणठणीत असणार नाहीतर काय!

आता सांगायला काय झालं होतं? पण एकची वेळ झाली, डबा घेऊन ती आली, समोर बसली, आणि काकांच्या तोंडाला कुलूप लागलं. हे सांगितलं की ही पोरगी उठून जाणार आणि पुन्हा या खोलीत येणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. चौथ्या दिवशी बडबडी मोठ्या सभागृहात सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिने ते सहा मेंदू पडद्यावर दाखवले. काका मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. स्वतःची इतकी शिसारी त्यांना कधी आली नव्हती.

एकदा तर त्या सहा फोडी कचऱ्याच्या डब्यावर धरूनही झाल्या. बावीस वर्षांचा हात, तो काही सुटेना.

आठव्या दिवशी ती घास चावता चावता म्हणाली, "काका, बाहेरून नोकरी चालून आली होती, ती सोडली मी. पुढची तीन वर्षं आता यावरच काढणार."

त्या दिवशी काकांना डबा गेला नाही. नवव्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी त्या सहा फोडी कापल्या, रंग दिला. दुपारपर्यंत रंग चढला. सहाही पुसट.

एक वाजता त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि मग सगळं सांगितलं, ट्रे, सुई, मंगळवार. तिने एकेक करून सहाही काचा पाहिल्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"नऊ दिवस झाले."

"म्हणजे मी सगळ्यांपुढे बोलत होते तेव्हा..."

"माहीत होतं."

"ट्रे कोणाकडूनही बदलतो, काका. त्याचं मला काही नाही. चूक मी सरांना सांगते." ती काचा गोळा करून उठली. "नऊ दिवसांचं मात्र तुम्ही सांगा."

ती गेल्यावर अर्ध्या तासाने काका जिना चढून सरांच्या दारात उभे राहिले. सरांच्या टेबलावर त्या काचा आधीच पोचल्या होत्या.

"नऊ दिवस गप्प का बसलात?" सरांनी विचारलं. "नोकरी जाईल म्हणून?"

"हो" म्हटलं असतं तर काका सुटले असते. नोकरीची भीती कोणालाही पटते.

"नाही सर," ते म्हणाले. "ती माझ्याकडे जेवायला यायची."